दहा वर्षांसाठी बांधलेलं क्षेपणास्त्र पन्नास वर्षं कसं टिकतं, आणि तरीही ते बदलावं का लागतं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेचं मिनिटमन-३ हे जमिनीखालच्या सायलोतून, म्हणजे काँक्रीटच्या उभ्या विहिरीतून, डागायचं आंतरखंडीय क्षेपणास्त्र १९७० साली तैनात होऊ लागलं, तेव्हा त्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं होतं. आज पन्नासहून अधिक वर्षं उलटली, तरी अशी ४०० क्षेपणास्त्रं सज्ज आहेत. दुरुस्ती करत ती चालवता येत असतील, तर त्यांच्या जागी येणाऱ्या ‘सेंटिनेल’वर सुमारे १४१ अब्ज डॉलर कशासाठी? आणि चालवता येत नसतील, तर आजवर चालली कशी?

दोन्ही प्रश्नांमागे एक समज आहे, की क्षेपणास्त्राला एकच वय असतं. मोंटानातल्या एखाद्या सायलोत आज उभं असलेलं मिनिटमन घ्या. सायलोचं काँक्रीट आणि जमिनीतल्या केबली १९६० च्या दशकातल्या आहेत. एकामागून एक जळणाऱ्या तिन्ही टप्प्यांतलं घन इंधन १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या साधारण दहा वर्षांत नव्याने भरलेलं आहे. मार्गदर्शन यंत्रणेतलं इलेक्ट्रॉनिक्स १९९८ ते २००८ च्या सुमारास बदललं गेलं, मात्र तिच्यातल्या जायरोस्कोपची, म्हणजे दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चक्रांची, रचना जुनीच राहिली. सज्जतेचा आदेश पोहोचवणाऱ्या एका संगणक जाळ्यात तर २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी वापरात होती. म्हणजे ‘१९७० चं क्षेपणास्त्र’ हे त्या मॉडेलचं वय झालं. सायलोत उभी असलेली वस्तू वेगवेगळ्या वयाच्या भागांची आहे आणि प्रत्येक भाग आपापल्या कारणाने खराब होतो. कोणता भाग कशाने जातो, हे नीट पाहिलं की बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं.

घन इंधन कसं जुनं होतं

सर्वांत जास्त काळजी इंधनाची करावी लागते, कारण ते सुट्या भागासारखं उघडून बदलता येत नाही, नव्याने ओतावं लागतं. घन इंधनाच्या मोटरमध्ये, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या रॉकेट-इंजिनात, साधारण ७० टक्के अमोनियम परक्लोरेटची पूड, १६ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियमची भुकटी आणि उरलेलं पॉलिब्युटाडाइन वर्गातलं रबर असतं. हे मिश्रण आवरणात ओततात आणि गरम ठेवून घट्ट करतात. तयार झालेल्या ठोकळ्याला ग्रेन म्हणतात. त्याच्या मधोमध आरपार पोकळी ठेवलेली असते आणि जळणं त्या पोकळीच्या भिंतीपासून सुरू होऊन बाहेरच्या दिशेने सरकतं.

रबर कालांतराने ऑक्सिडेशनमुळे कडक होतं. रेणूंच्या साखळ्यांमध्ये जास्तीचे आडवे बंध तयार होतात, ताणण्याची क्षमता कमी होते. दमट हवा लागली तर उलट घडतं: परक्लोरेट पाणी शोषतं, स्फटिक आणि रबर यांच्यातली पकड सुटते आणि इंधन मऊ पडतं. तिसरी गोष्ट म्हणजे लवचीकपणासाठी मिसळलेलं प्लास्टिसायझर हळूहळू शेजारच्या अस्तरात आणि उष्णतारोधक थरात झिरपतं. त्यामुळे कडेचं इंधन मधल्या इंधनापेक्षा वेगळं वागू लागतं. एकाच मोटरमधून दोन जागचे नमुने घेतले तर एक कडक, दुसरा मऊ असा निकाल येतो, तो यामुळेच. सरासरी काढून अशा निकालावर समाधान मानणं धोक्याचं असतं.

यात भर पडते तापमानाच्या ताणाची. इंधन तापल्यावर आणि गार झाल्यावर पोलादाच्या साधारण आठ ते दहा पट जास्त प्रसरण-आकुंचन पावतं. साठ अंशांच्या आसपास घट्ट केलेली मोटर वीस अंशांवर आली की ग्रेन आकसू पाहतो आणि आवरण त्याला सोडत नाही. हा ताण पहिल्या दिवसापासून कायमचा असतो. तो दोन ठिकाणी सर्वाधिक जाणवतो: मधल्या पोकळीच्या भिंतीवर आणि मोटरच्या दोन्ही टोकांना, जिथे इंधन अस्तराला चिकटलेलं असतं. म्हणून पहिल्या भेगा पोकळीत दिसतात आणि पहिली सुटलेली चिकटण टोकांना.

भेग इतकी घातक का, ते आकड्यात पाहू. मोटरमधला दाब जळणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असतो, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही. इंधनाचा दाब-घातांक (दाबाबरोबर जळण्याचा वेग किती वाढतो, ते सांगणारा आकडा) ०.३५ असेल, तर जळणारा पृष्ठभाग १० टक्क्यांनी वाढला की दाब जवळपास १६ टक्क्यांनी वाढतो. घातांक ०.५ असेल तर तीच वाढ २१ टक्के होते. भेगेच्या दोन्ही बाजू जळतात, त्यामुळे लहान दिसणारी खोल भेगसुद्धा बराच पृष्ठभाग देऊन जाते. कडेची चिकटण सुटली असेल तर आणखी वाईट: ज्वाला वेळेआधी आवरणापर्यंत पोहोचते आणि जिथे संरक्षण सर्वांत कमी तिथे भोक पडतं.

नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन असलेल्या दुहेरी-आधारी इंधनाचा त्रास वेगळा आहे. ते स्वतःहून विघटित होतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात आणि तेच वायू पुढचं विघटन वेगाने घडवतात. त्यांना पकडून ठेवायला इंधनात स्टॅबिलायझर घातलेला असतो. तिथे पाहायचं ते एवढंच, की स्टॅबिलायझर किती शिल्लक आहे. तो संपत आला की प्रश्न कामगिरीचा राहत नाही, कोठारात आपोआप पेट घेण्याचा होतो. अशा लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाच्या, मुदतवाढीचा विचारही करू नये.

तपासणी

युटातल्या हिल हवाई तळावर मिनिटमनच्या मोटरींच्या वयाचा पाठपुरावा केला जातो. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते. आधी पूर्ण मोटरचा एक्स-रे किंवा सीटी, त्यात भेगा, पोकळ्या आणि सुटलेली चिकटण शोधतात. अस्तराच्या चिकटणीसाठी अल्ट्रासाउंड. पोकळीत बोअरस्कोप (आत डोकावायची बारीक नळी) घालून भिंत डोळ्यांनी पाहतात. मग त्याच लॉटमधल्या काही मोटरी अक्षरशः कापून त्यांचे नमुने काढतात. डंबेलच्या आकाराच्या पट्ट्या ताणून कुठल्या ताणाला आणि किती लांब होऊन तुटतात ते मोजतात, कडकपणा पाहतात, चिकटण सोलून पाहतात. शेवटी काही मोटरी जमिनीवर बांधून प्रत्यक्ष जाळतात. वरच्या टप्प्यांसाठी उंचीवरची विरळ हवा हवी असते, म्हणून त्या टेनेसीतल्या अर्नोल्ड तळावरच्या निर्वात कक्षात पेटवल्या जातात.

यातली एक चाचणी उत्तीर्ण झाली, याला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो उताराला. ताणण्याची क्षमता दरवर्षी किती घटते, ती रेषा डिझाइनच्या किमान मर्यादेला कधी छेदेल, आणि त्या अंदाजाची खालची कड कुठे येते. आयुष्याची मुदत खालच्या कडेवरून ठरवायची, मधल्या रेषेवरून नव्हे. आणि नमुने लॉटनिहाय वेगळे ठेवायचे. परक्लोरेटचा पुरवठा बदलला, कणांचा आकार थोडा हलला, तरी दोन लॉट वेगवेगळ्या वेगाने जुने होतात. लॉट मिसळून काढलेली रेषा कुणाचंच खरं वय सांगत नाही.

कृत्रिम वार्धक्याबद्दल सावध राहायला हवं. नमुने ५०, ६०, ७० अंशांवर भट्टीत ठेवून वर्षांचं काम महिन्यांत उरकतात. ठोकताळा असा, की दर दहा अंशांना वेग दुप्पट. या हिशेबाने ६० अंशांवरचं एक वर्ष २५ अंशांवरच्या सुमारे ११ वर्षांइतकं होतं. पण खरा गुणक दोनऐवजी अडीच असेल, तर तेच एक वर्ष जवळपास २५ वर्षांइतकं ठरतं. गुणकातल्या एवढ्याशा फरकाने उत्तर दुपटीहून जास्त बदलतं. शिवाय जास्त तापमानाला वेगळीच रासायनिक क्रिया पुढे येऊ शकते, किंवा ऑक्सिजन नमुन्याच्या आतपर्यंत पोहोचायच्या आधी बाहेरचा थर कडक होऊन त्याची वाट अडवतो. म्हणून निदान तीन-चार तापमानांवर चाचण्या करायच्या आणि भट्टीतल्या निकालाची गाठ कोठारातल्या खऱ्या जुन्या मोटरीशी घालायची. ही गाठ न घातलेला मुदतवाढीचा अहवाल मी तरी ग्राह्य धरणार नाही. नायट्रोसेल्युलोजच्या इंधनांसाठी नाटोची एक ठरलेली चाचणी आहे: ८० अंशांवर १०.६ दिवस उष्णता-प्रवाह मोजायचा, तो मर्यादेत राहिला तर २५ अंशांवरच्या दहा वर्षांच्या साठवणीला रासायनिकदृष्ट्या हरकत नाही. ‘रासायनिकदृष्ट्या’ हा शब्द तिथे महत्त्वाचा. भेगांबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

जमिनीवरच्या चाचण्यांपलीकडे प्रत्यक्ष उड्डाण आहेच. तळावरच्या सायलोतून एक क्षेपणास्त्र निवडून काढतात, कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गला नेतात, स्फोटकाग्राच्या जागी मोजमापांचं चाचणी-अग्र बसवतात आणि ६,७०० किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपाकडे सोडतात. वर्षाला अशी तीन-चार उड्डाणं होतात. बहुतेक यशस्वी होतात, काही नाही: १ नोव्हेंबर २०२३ चं उड्डाण बिघाड दिसल्यावर पॅसिफिकवर मध्येच नष्ट करावं लागलं.

आता या उड्डाणांचं गणित बघा. एकही अपयश न येता २२ चाचण्या झाल्या, तर ९० टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की विश्वासार्हता निदान ९० टक्के आहे. तीच खात्री ९५ टक्के विश्वासार्हतेसाठी हवी असेल तर ४५ निर्दोष चाचण्या लागतात. वर्षाला तीनच्या वेगाने यात पंधरा वर्षं जातात, आणि तोवर पहिल्या चाचण्यांतली क्षेपणास्त्रं आजच्या साठ्याची प्रतिनिधी राहत नाहीत. दुसरीकडे प्रत्येक चाचणी साठ्यातलं एक क्षेपणास्त्र संपवते, आणि मिनिटमनचं उत्पादन केव्हाच बंद झालं आहे. वर्षाला तीन धरली तरी पंचवीस वर्षांत ७५ गेली. चाचण्या कमी केल्या तर साठा टिकतो पण विश्वास पातळ होतो. जुन्या यंत्रणेची सर्वांत कठीण कोंडी ही आहे, आणि दुरुस्तीने ती सुटत नाही.

बाकीचे भाग

मार्गदर्शन यंत्रणा सज्ज अवस्थेत सतत चालू असते. जायरोस्कोप वायूच्या थरावर फिरत असतात, थांबत नाहीत. गंमत अशी, की फिरत असताना झीज नगण्य असते. थांबताना आणि पुन्हा सुरू होताना पृष्ठभाग एकमेकांना घासतात. त्यामुळे वीज गेली, थंडावा गेला, यंत्रणा बंद करावी लागली, अशा प्रत्येक वेळेची नोंद तासांच्या नोंदीइतकीच महत्त्वाची असते. थंडाव्यासाठी सोडियम क्रोमेटचं द्रावण वापरलं जात आलं आहे. ते गंज रोखतं, पण त्यातलं क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे, म्हणून गळतीकडे दुहेरी नजर ठेवावी लागते: इलेक्ट्रॉनिक्ससाठी आणि माणसांसाठी.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्रास देणारे भाग ठरलेले आहेत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतला द्रव गमावतात. शुद्ध कथिलाचा मुलामा असलेल्या पायांवर केसासारखे धातूचे तंतू उगवतात आणि शेजारच्या पायाला टेकले की शॉर्ट होतो, म्हणून कथिलात थोडं शिसं घालायची जुनी पद्धत लष्करी कामात टिकून राहिली. कनेक्टरच्या पिना सूक्ष्म कंपनाने घासून गंजतात, मग बिघाड येतो-जातो प्रकारचा होतो. कनेक्टर काढून परत लावला की तो नाहीसा होतो. तंत्रज्ञाने ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून इलेक्ट्रॉनिक्सची पेटी परत पाठवली, आणि तीच पेटी तिसऱ्यांदा आली, तर पेटी बदलत बसू नये, केबल आणि कनेक्टर तपासावेत.

शेवटच्या टप्प्यावरचं छोटं द्रव-इंधन इंजिन, जे अग्राला अचूक वाटेवर सोडतं, त्यात मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड वर्षानुवर्षं भरलेलं राहतं. इथे रबरी सील हीच मुख्य चिंता. वर्षानुवर्षं दबून राहिलेली ओ-रिंग मूळ आकारात परत येत नाही. तिची जाडी कितपत सावरते, हे मोजून बदलण्याची वेळ ठरवतात. थर्मल बॅटऱ्या मात्र चांगल्या टिकतात, कारण वितळेपर्यंत त्यांतलं क्षार निष्क्रिय असतं. त्यांचा एकच शत्रू म्हणजे वेल्डिंगमधून आत शिरणारा दमटपणा. प्रज्वलकं आणि टप्पे वेगळे करणारी स्फोटक साधनं दुरुस्त करत नाहीत, लॉटमधली काही उडवून पाहतात आणि मुदत संपली की सरळ बदलतात.

विमानाच्या पंखाखाली किंवा ट्रकवर फिरणाऱ्या लहान क्षेपणास्त्रांची कथा निराळी. त्यांचं वय कॅलेंडरपेक्षा उन्हात गेलेल्या दिवसांवर, ट्रकच्या कंपनावर आणि पंखाखाली लटकून केलेल्या उड्डाणाच्या तासांवर ठरतं. साठवणीच्या पेटीतली आर्द्रतादर्शक चकती निळ्याची गुलाबी झाली की सिलिका जेल बदलून पेटी पुन्हा बंद करणं पुरेसं नाही. दमट हवा कधीपासून आत होती, हे शोधायला हवं. तापमान नोंदवणारी चिप पेटीत असेल तर मुदतवाढ प्रत्येक क्षेपणास्त्राला वेगळी देता येते. नसेल तर सर्वांत वाईट पेटीचं आयुष्य सगळ्यांना लावावं लागतं आणि चांगला माल फुकट जातो. पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेच्या क्षेपणास्त्रांची मुदत तपासणी आणि पुनर्प्रमाणनानंतर ३० वरून ४५ वर्षांवर नेली गेली. ब्राह्मोसची मुदत दहावरून पंधरा वर्षं करण्यासाठी मे २०१८ मध्ये चांदीपूरहून उड्डाणं झाली. मुदतवाढ ही अशी पुराव्यावर मिळते.

माणसं, हत्यारं, कागद

क्षेपणास्त्र बिघडण्यापेक्षा देखभालीत बिघडवलं जाण्याची शक्यता कमी लेखू नये. १८ सप्टेंबर १९८० ला अर्कान्सासमधल्या दमास्कसजवळ टायटन-२ या द्रव-इंधनी क्षेपणास्त्राच्या सायलोत एका तंत्रज्ञाच्या हातून जड सॉकेट निसटलं, वीसेक मीटर खाली पडलं, उसळलं आणि पहिल्या टप्प्याच्या इंधन टाकीला भोक पाडून गेलं. काही तासांनी, पहाटे स्फोट झाला, एक जवान गेला, अण्वस्त्र सायलोबाहेर फेकलं गेलं. त्याचा अणुस्फोट झाला नाही. द्रव इंधन भरून ठेवणाऱ्या यंत्रणेत टाकीची भिंत पातळ असते, आणि हत्यार दोरीने बांधून ठेवणं ही तिथे जिवाची बाब असते. मे २०१४ मध्ये वायोमिंगच्या वॉरेन तळाच्या क्षेत्रात बिघाड शोधताना लिखित पद्धत पाळली गेली नाही आणि एका मिनिटमनचं १८ लाख डॉलरचं नुकसान झालं. जुन्या यंत्रणेत अशा वेळी पैशापेक्षा हे जास्त लागतं, की तो भाग पुन्हा बनत नसतो.

त्याच वर्षी अमेरिकी संरक्षणमंत्री चक हेगल यांनी जाहीरपणे सांगितलं, की स्फोटकाग्र बसवायच्या हत्यारांचा एकच संच मिनिटमनच्या तिन्ही तळांत कुरियरने फिरत होता. यातला धडा वस्तुसूची करणाऱ्याने मनावर घ्यावा: सुट्या भागांची यादी सगळे करतात, खास हत्यारं, जिग, चाचणी-बाकं आणि ती कॅलिब्रेट करायची उपकरणं यांची यादी कोणी करत नाही. चाचणी-बाक क्षेपणास्त्राच्या आधी म्हातारं होतं, आणि मग चांगली पेटीसुद्धा नापास ठरते.

मग दुरुस्ती कुठे थांबते

भाग संपल्याने यंत्रणा मरत नाही, तो भाग बनवण्याची क्षमता संपल्याने मरते. ४ मे १९८८ ला नेवाडातल्या हेंडरसन इथला अमोनियम परक्लोरेटचा कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. तेव्हा अमेरिकेत हे रसायन बनवणारे कारखाने दोनच होते, आज तिथे एकच मोठा उत्पादक उरला आहे. मिनिटमनच्या दुसऱ्या टप्प्याला वळवण्यासाठी नोझलमध्ये फ्रेऑन ११४बी२ फवारायचे. हे हॅलॉन कुळातलं, ओझोनला घातक, आणि ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारामुळे विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून बंद झालं. पर्यावरणाचा करार रॉकेटच्या सुकाणूपर्यंत येऊन पोहोचतो, हे वीस वर्षं आधी कोणी यादीत लिहिलेलं नसतं. खांद्यावरून डागायच्या स्टिंगर या विमानविरोधी क्षेपणास्त्राचंही तसंच. २०२२ मध्ये मागणी एकदम वाढली तेव्हा उत्पादक कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं, की काही घटक बाजारात मिळतच नाहीत, शोधकाग्रातलं (लक्ष्य शोधणाऱ्या टोकातलं) इलेक्ट्रॉनिक्स नव्याने आखावं लागेल. पुढे निवृत्त अभियंत्यांना बोलावून जुनी पद्धत नव्या कामगारांना शिकवावी लागली.

ज्ञान हरवण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण अण्वस्त्राच्या बाजूचं आहे. डब्ल्यू-७६ या अग्राच्या नूतनीकरणासाठी ‘फॉगबँक’ नावाचं द्रव्य पुन्हा बनवायचं होतं. जुना कारखाना पाडलेला, नोंदी अपुऱ्या, जाणकार निघून गेलेले. नवा माल नीट जमेना. शोधल्यावर कळलं, की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, आणि तीच अंतिम द्रव्याच्या गुणांसाठी आवश्यक होती. जुन्या लोकांनाही ते माहीत नव्हतं. नव्या प्रक्रियेने कच्चा माल जास्त शुद्ध केला आणि बिघाड तिथेच झाला. म्हणून रेखाचित्रं जपली म्हणजे उत्पादन जपलं, असं धरू नये. पुरवठादार, कच्च्या मालाची प्रत, नाकारलेल्या लॉटची कारणं, हे सगळं लिहून ठेवावं लागतं, आणि शक्य असेल तर ओळ बंद होऊच देऊ नये. पाणबुडीवरच्या ट्रायडंट-२ च्या मोटरींचं उत्पादन कमी वेगाने का होईना सुरू ठेवलं गेलं, म्हणून १९९० चं ते क्षेपणास्त्र आणखी कित्येक वर्षं नेण्याची योजना आखता येते.

रशियाची अडचण आणखी टोकाची. तिची सर्वांत जड आर-३६एम क्षेपणास्त्रं युक्रेनमधल्या द्नीप्रो इथल्या युझमाशने बनवलेली. २०१४ नंतर मूळ उत्पादकाचा आधार गेला, आणि बदली म्हणून आणलेल्या ‘सारमात’चा एप्रिल २०२२ च्या यशस्वी उड्डाणानंतरचा प्रवास सुरळीत झालेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरच्या चाचणी सायलोच्या जागी मोठा खड्डा उपग्रह चित्रांत दिसला.

सेंटिनेल इतकं महाग का

जुलै २०२४ मध्ये पेंटॅगॉनने सांगितलेला सुमारे १४१ अब्ज डॉलरचा अंदाज २०२० च्या आधाररेषेपेक्षा ८१ टक्क्यांनी जास्त होता. इतकी वाढ झाली की अमेरिकी कायद्याप्रमाणे प्रकल्प रद्द करायचा की ठेवायचा, याची लेखी कारणमीमांसा काँग्रेसला द्यावी लागते, ती दिली गेली आणि प्रकल्प ठेवला गेला. वाढीचा मोठा वाटा क्षेपणास्त्राचा नव्हता. तो सायलो, नियंत्रण केंद्रं आणि जुन्यातून नव्यात जाण्याच्या प्रक्रियेचा होता.

सुरुवातीचं गृहीत असं होतं, की जुने ४५० सायलो दुरुस्त करून वापरता येतील. साठ वर्षांचं काँक्रीट, झिरपणारं पाणी, गंजलेलं लोखंड, आणि कागदावरच्या नकाशापेक्षा प्रत्यक्षात वेगळी निघणारी मापं यांमुळे ते गृहीत कोसळलं. २०२५ मध्ये हवाई दलाने नवे सायलो खणण्याकडे मोहरा वळवला. त्याचबरोबर सुमारे १२,००० किलोमीटर तांब्याच्या केबलीऐवजी फायबर टाकायचं आहे, आणि ती मोंटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग, नेब्रास्का आणि कोलोरॅडो या पाच राज्यांतल्या खासगी शेतजमिनींखालून जाते. रॉकेट अभियंत्यांनी मांडलेल्या अंदाजात जमीनमालकाची परवानगी, थंडीतलं खोदकाम आणि कामगारांच्या वसाहती यांना नेहमीच कमी जागा मिळते.

मला यातली सर्वांत कमी चर्चिली गेलेली अडचण वाटते ती संक्रमणाची. नवं पूर्ण होईपर्यंत जुनं सज्ज ठेवायचं, म्हणजे काही वर्षं दोन प्रकारची प्रशिक्षणं, दोन सुट्या भागांच्या साखळ्या, दोन प्रकारचे चाचणी-संच एकाच तळावर. काढलेल्या मिनिटमनचे भाग उरलेल्यांना पुरवायचे, म्हणून कोणतं स्क्वाड्रन (क्षेपणास्त्रांची तुकडी) आधी काढायचं हे भागांच्या तुटवड्यावरून ठरवावं लागतं. सेंटिनेल लांबल्याने मिनिटमन २०५० पर्यंत चालवावं लागेल, ही शक्यता अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२५ मध्ये मांडली. तसं झालं तर आज नवं वाटणारं इंधन तेव्हा चाळिशी-पन्नाशीचं असेल. म्हणजे पुन्हा इंधन ओतायचं की नाही, हा निर्णय सेंटिनेलची वाट न पाहता आत्ता घ्यावा लागेल, कारण ओतकामाची साखळी उभी करायलाच काही वर्षं जातात.

काढलेल्या मोटरींचं काय, हाही खर्चाच्या हिशेबात यायला हवा. उघड्यावर जाळणं स्वस्त पडतं, पण धुरात हायड्रोजन क्लोराइड जातं आणि परक्लोरेट भूजलात उतरतं. उच्च दाबाच्या पाण्याने इंधन खरवडून काढता येतं, त्यातलं परक्लोरेट पाण्यात विरघळत असल्याने परत मिळवता येतं. चांगल्या स्थितीतल्या मोटरींचा आणखी एक उपयोग अमेरिकेने केला: मिनिटमनच्या जुन्या पहिल्या दोन टप्प्यांवर वरचे नवे टप्पे चढवून मिनोटॉर-१ हे उपग्रह-प्रक्षेपक बनवलं, जे जानेवारी २००० मध्ये पहिल्यांदा उडालं. २००५ मध्ये निवृत्त झालेल्या पीसकीपर या आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या मोटरी मिनोटॉर-४ मध्ये गेल्या. अशा प्रत्येक प्रक्षेपणातून जुन्या इंधनाच्या दाबाची आणि जळण्याच्या वेळेची नोंद मिळते. सायलोत अजून उभ्या असलेल्या भावंडांच्या वयाचा अंदाज बांधताना ती नोंद त्याच तक्त्यात, लॉट आणि वर्ष तपासून, घालायला हवी.